विषादग्रस्ताची संमती

मेंदूला विद्युत्प्रवाह देण्याचा उपचार प्रथम १९३८ साली रोममध्ये सेर्लेत्ती व बिनी या वैद्यांनी केला. तो रोगी विषादाचा नव्हता. दुसऱ्या झटक्यापूर्वी तो स्पष्टपणे ‘नको’ म्हणाला, तरीही झटका दिला गेला. आज हा उपचार भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्यावाचून करता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तशी मनाईच केली आहे. त्याने काहींची स्मृती मंदावते हे खरे. पण औषधांना दाद न देणाऱ्या आणि अन्नपाणी सोडलेल्या रोग्यास तो मृत्यूच्या दारातून परत आणतो, हेही तितकेच खरे.

परंतु ‘मला बरे व्हायचेच नाही’ असे जेव्हा रोगी म्हणतो, तेव्हा बोलतो कोण, माणूस की रोग? आप्त म्हणतात, रोग. हा युक्तिवाद मला भयावह वाटतो. त्याच्या बळावर कोणाचाही नकार उडवून लावता येईल. इतरांना निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावरून माणूस निर्णयास अक्षम ठरत नाही, असे याच कायद्याचे कलम ४ सांगते.

आपल्याला येथे अर्जुन आठवणे स्वाभाविक आहे. तथापि अर्जुन प्रश्न विचारीत होता, ऐकत होता. म्हणूनच अठराव्या अध्यायात भगवंतांनी निर्णय त्याच्यावर सोपविला. तीव्र विषादात शब्द कानी पडतो, आत उतरत नाही. अशाला ‘मन घट्ट कर’ असा उपदेश करणे (आणि तो देवळाच्या ओट्यावर फार स्वस्त मिळतो) हा अन्याय होय.

बडोद्याजवळच्या नंदेसरीत रासायनिक कारखाने आहेत. विषारी वायूच्या टाकीत उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा बांधावा आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, अशी अट १९४८ च्या कारखाने कायद्याने घातली होती. आत शुद्ध हरपल्यावर ‘ओढू का?’ असे कोणी विचारीत नाही. ते उतरण्यापूर्वीच ठरलेले असते. २०१७ च्या कायद्यातील पूर्वनिर्देश हा असाच दोर आहे. कोणता उपचार चालेल, कोणता नको, आपल्यावतीने कोणी ठरवावे, हे मन ठिकाणावर असतानाच लिहून ठेवावयाचे. मृत्युपत्र करावयास माझ्याकडे पुष्कळ पक्षकार येतात. हे पत्र करावयास अद्याप एकही आला नाही.

अडचण उरतेच. पूर्वी कोणी ‘वीज नको’ असे लिहिले आणि आज तो अन्नावाचून पडून आहे, तर? तातडीचा उपाय म्हणून हा उपचार कायद्याला मान्य नाही. पूर्वनिर्देश बदलून मिळावा म्हणून पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. पण अर्जाला दिवस लागतात. त्या दिवसांत, माझ्या मते, बाहेरच्याने दोराला हात लावू नये. हे लिहिताना माझा हात कापतो, तरी मत तेच राहते.