दंडधारी आणि शरणागत

हातात दंड घेऊन लोकांचे रक्षण करणारा माणूस धर्माच्या दृष्टीने कुठे उभा असतो, हा प्रश्न महाभारताच्या शांतिपर्वात युद्ध संपल्यावर येतो. राज्य नको म्हणणाऱ्या युधिष्ठिराला अर्जुन दंडाचे माहात्म्य सांगतो: दंड नसेल तर बलवान दुर्बळाला पाण्यातल्या माशांसारखा गिळून टाकील. कौटिल्याने या विचाराला मापाची अट घातली. कठोर दंडाने प्रजा धास्तावते, मवाळ दंडाला कोणी जुमानत नाही, योग्य तेवढाच दंड देणारा मान मिळवतो. मनुस्मृती तर बजावते की अन्यायाने उगारलेला दंड उगारणाऱ्याचाच घात करतो. ही सगळी चर्चा राजाला उद्देशून आहे. फलटणला नाईक निंबाळकरांचे संस्थान होते, ते 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर तालुक्याच्या या गावात दंड ज्यांच्या हाती आला ते ठाणे अंमलदार, बीट हवालदार आणि फौजदार यांच्याविषयी धर्मशास्त्र थेट काही बोलत नाही. त्यांच्यासाठी कायदा आहे, आणि गावाच्या स्वतःच्या श्रद्धा आहेत.

फलटणच्या श्रद्धा दंडाला फारशा अनुकूल नाहीत, म्हणूनच हा प्रश्न येथे टोकदार होतो. महानुभाव पंथ ज्यांना पंचकृष्णांत मानतो त्या चक्रपाणींचे हे जन्मस्थान. पंथीय या गावाला दक्षिण काशी म्हणतात, आणि अहिंसा हा त्यांच्या आचारधर्माचा कणा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त एका सशाची गोष्ट येते. पाठलाग झालेला ससा पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो. शिकारी तो मागतात. शरण आलेल्याला मरणाच्या हाती देता येत नाही, म्हणून स्वामी नकार देतात. त्यांच्या हातात शस्त्र नाही, पाठीशी सत्ता नाही, तरी रक्षण पूर्ण होते. रक्षणासाठी दंड लागतोच असे मानणाऱ्यांना ही लीळा अडचणीत टाकते. अर्थात शिकाऱ्यांनी ऐकले, हेही तितकेच खरे. न ऐकणारे आले असते तर काय, याचे उत्तर लीळेत नाही.

गावातल्या दिगंबर जैन समाजाच्या परंपरेने या अडचणीला व्यवहारी उत्तर शोधले. जैन आचारशास्त्र हिंसेचे चार प्रकार करते: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाला पूर्ण वर्ज्य. स्वतःच्या किंवा आश्रिताच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी ती विरोधी; ती टाळावी, पण गृहस्थाला तिची बंदी नाही. लोकमान्य टिळकांनीही ‘गीतारहस्या’त अहिंसेच्या नियमाला आततायीचा अपवाद मान्य केला आहे. पोलिसाची लाठी या चौकटीत बसते, पण फार अरुंद जागेत. चालून येणाऱ्या जमावाला रोखणारी लाठी विरोधी हिंसा ठरेल. कोठडीत बसवलेल्या माणसाकडून कबुली काढण्यासाठी उचललेली लाठी संकल्पीच, मग कारण कितीही मोठे सांगितले तरी.

वारकरी परंपरेत दोन सूर ऐकू येतात. तुकोबांनी दयेच्या व्याख्येत प्राणिमात्रांच्या पालनाबरोबर कंटकांचे निर्दालनही घातले. ज्ञानदेवांच्या पसायदानात मागणे वेगळे आहे: दुष्ट नाहीसे व्हावेत असे नव्हे, त्यांच्यातला दुष्टपणा जावा. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद वरवर पाहता तुकोबांच्या बाजूचे वाटते. पण खल कोण, हे ठरवायचे कसे, हा प्रश्न ब्रीदात सुटत नाही. या देशात तो एकदा भलत्याच रीतीने सोडवला गेला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे देशभर अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या; महाराष्ट्रात फासेपारध्यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 1952 साली त्या विमुक्त झाल्या. तरीही चोरी झाली की आधी पालांवर जाण्याची सवय कायद्याबरोबर संपली नाही. दोष कृतीत न पाहता रक्तात पाहणे हे पसायदानाच्या नेमके उलट आहे, आणि पोलीस खात्याच्या धर्माचा विचार करताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही.

आषाढीच्या वाटेवर फलटणकरांना दंडाचे एक निराळे रूप दरवर्षी दिसते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, मग तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत धर्मपुरीजवळ ती सोलापूर जिल्ह्यात जाते. मुक्कामी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड वर करतो आणि एवढा अफाट समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकतात, निवाडा होतो, हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात आणि आरती सुरू होते. या दंडाने कुणाला मारलेले नाही. त्याचा अधिकार मान्यतेतून येतो, आणि तक्रार असणाऱ्याला गप्प न करण्यातून टिकतो. तळाबाहेर त्याच रात्री पोलिसांचा बंदोबस्त उभा असतो: वाहतूक वळवणे, पाकीटमारांवर नजर, चुकलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याला त्याच्या दिंडीपर्यंत पोचवणे. ही कामे चोपदाराच्या जवळची आहेत. फरक एवढाच की पोलिसाला मान्यता गणवेशाबरोबर आयती मिळते, आणि आयती मिळालेली गोष्ट उधळलीही लवकर जाते.

एरवीच्या दिवसांत शहर आणि ग्रामीण अशा दोन्ही ठाण्यांकडे येणारी कामेही अशीच असतात. बांधावरचे भांडण, पाटाच्या पाण्याची पाळी, उसाच्या हंगामातले ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात, हरवलेली मुलगी, पासपोर्टची पडताळणी, ध्वनिक्षेपकाचा परवाना, गणेशोत्सवाआधीची शांतता समितीची बैठक. खेड्यात 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याखालचा पोलीस पाटील हा ठाण्याचा पहिला दुवा. अडचणीत 112 हा क्रमांक. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे 66 वे कलम फार थोडे लोक वाचतात, खात्यातलेही. रस्त्यावरच्या अपंग व असहाय माणसाला शक्य ती सर्व मदत करणे, अटकेतल्या आजारी किंवा जखमी माणसाला उपचार मिळवून देणे, त्याच्या अन्नाची व निवाऱ्याची सोय पाहणे, झडती घेताना विनाकारण उर्मटपणा न करणे, स्त्रिया व मुलांशी सभ्यतेने आणि सौम्यपणे वागणे ही सारी त्यात पोलिसाची कर्तव्ये म्हणून लिहिली आहेत. शरणागताच्या रक्षणाचा धर्म कायद्याच्या कोरड्या भाषेत याहून स्पष्ट क्वचितच मांडला गेला असेल.

या कर्तव्यांतले सर्वांत धार्मिक काम बेवारस मृतदेहाचे आहे. रेल्वेमार्गाजवळ, कालव्यात किंवा बसस्थानकावर सापडलेल्या अनोळखी देहाची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंचनामा व शवविच्छेदन होते, अंगावरच्या खुणा टिपून आसपासच्या ठाण्यांना कळवले जाते. कुणीच आले नाही तर नगरपालिका किंवा एखाद्या सेवाभावी मंडळाच्या मदतीने अंत्यविधी पोलीसच उरकतात. शास्त्रात प्रेतसंस्कार हे पुत्राचे, गोत्रजांचे कर्तव्य. येथे ते जात, गोत्र, बहुधा धर्मही ठाऊक नसलेल्या माणसाकडे येते, आणि दहन की दफन हा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. त्याला त्यातून पुण्य मिळते की नाही यावर शास्त्री वाद घालू शकतील. मृताला मात्र त्याच्याशिवाय कोणी नसते.

दंड न वापरता तंटा मिटवण्याचा सर्वांत मोठा सरकारी प्रयत्न याच भागातल्या माणसाने केला. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने समिती नेमायची, भांडणे गावातच मिटवायची, पोलिसांनी साथ द्यायची. दिवाणी आणि किरकोळ फौजदारी तंट्यांना हा मार्ग मानवतो. पण तडजोड ही समबलांमध्येच शोभते. मारहाण झालेल्या सुनेला किंवा बहिष्कृत कुटुंबाला गावाच्या एकोप्यासाठी नमते घ्यायला लावणे म्हणजे सशालाच समजूतदार व्हायला सांगणे. अशा वेळी गुन्हा नोंदवणे हीच करुणा असते.

शिक्षा झालेल्यांबाबत या परिसराने एक धाडस केले आहे. औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, 1939 साली स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत सुरू झाली. कल्पना पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांची, आधार राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा. कैदी कुटुंबासह राहून शेती करत. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा 1957 सालचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला, कथा माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांची. दुष्टपणा जाऊ शकतो, या श्रद्धेवर राज्यकारभाराने घेतलेली ही जोखीम होती. ती वसाहत आजही चालू आहे.

याच जिल्ह्यांत उलटे दाखलेही आहेत. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत कोठडीतल्या एका तरुण संशयिताचा मारहाणीत मृत्यू झाल्याचा आणि त्याचा देह आंबोलीत जाळल्याचा आरोप होऊन पोलिसांनाच अटक झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये फलटणमध्ये एका पोलीस उपनिरीक्षकावर अत्याचाराचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याला निलंबित करून अटक करण्यात आली. आरोप सिद्ध होणे न होणे हे न्यायालयाचे काम. धर्मविचाराच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट खटल्याआधीच ठरलेली आहे. सामान्य माणसाने केलेला अत्याचार आणि रक्षणाची शपथ घेतलेल्याने केलेला अत्याचार यांचे पाप सारखे नाही. कोठडीतला माणूस स्वेच्छेने शरण आलेला नसतो, पण त्याला दुसरा आश्रय उरलेला नसतो, म्हणून त्याच्या जिवाची जबाबदारी आणखी जड होते. वरच्या आदेशाचे निमित्तही येथे चालत नाही, कारण कर्मसिद्धान्तात कर्म करणाऱ्याचे फळ हुकूम देणाऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची सोय नाही.

आश्रयाला आलेल्याला दारातून परत न पाठवणे ही या सगळ्याची किमान पातळी आहे, आणि ती आता कायद्यातही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचे कारण सांगून नाकारता येत नाही. शहर ठाण्याने ग्रामीणकडे किंवा ग्रामीणने शहराकडे बोट दाखवणे त्यात बसत नाही. नोंदवलेल्या खबरीची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळते. ठाण्याने खबर घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तेथेही दखल घेतली गेली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.