चाकाचा घेर आणि घाटाचा चढ

मालवणच्या जेटीवर पहाटे बांगड्याचे क्रेट भरून निघालेली आमची ४०७ मालगाडी कसाल, कणकवली, तळेरे करत वैभववाडीला पोचायची, तेव्हा उजाडलेलं असायचं. पुढे करूळ घाट, गगनबावडा आणि मग कोल्हापूरचा बाजार. बर्फ वितळायच्या आत माल पोचवायचा, एवढाच त्या धंद्याचा धर्म. एका हंगामात टायर झिजले तेव्हा मी ७.५०-१६ च्या जागी ८.२५-१६ घातले. चाक मोठं, म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर, डिझेल कमी, असा माझा हिशेब होता.

आमचे ड्रायव्हरकाका टायरकडे बघून एवढंच म्हणाले, "टायर मोठो घातलंस, म्हणजे गिअर अर्धो वर चढलो. घाटात कळतला तुका."

महामार्गावर माझाच हिशेब बरोबर वाटला. इंजिनाचा आवाज खाली आला, गाडी निवांत धावू लागली. करूळ घाटात मात्र, जिथे ती दरवेळी दुसऱ्या गिअरमध्ये चढायची, तिथे धापा टाकू लागली. पहिला टाकला की इंजिन किंचाळायचं आणि गाडी रांगायची, दुसरा टाकला की दम तुटायचा. अवघड वळणावर काकांना अर्धा क्लच धरावा लागला आणि केबिनमध्ये जळका वास भरला. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

घरी आल्यावर काकांनी टायरवर खडूने खूण केली, गाडी अंगणात एक फेरा ढकलायला लावली आणि टेपने अंतर मोजलं. जुन्या टायरचा फेरा साधारण अडीच मीटरचा होता, नवा २.६५ भरला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर. त्यासाठी जुनं चाक ४०० फेरे घ्यायचं, नवं ३७७ घेतं. मागच्या अॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चक्रांच्या जोडीचं प्रमाण पाचास एक धरलं, तर थेट गिअरमध्ये इंजिनाचे फेरे २,००० वरून १,८८५ वर येतात. सपाटीवर हीच बचत वाटते. पण जेवढे फेरे कमी, तेवढाच चाकाचा रेटाही कमी, म्हणजे सहा टक्के. भरल्या गाडीला घाटात तेवढेच कमी पडतात.

स्पीडोमीटरही फसवू लागला होता. तो चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नव्हे. काटा ६० दाखवी तेव्हा गाडी साडेत्रेसष्टच्या पुढे असे. किलोमीटरही कमी नोंदले जात, त्यामुळे डिझेलचा हिशेबही चुकीचा निघे. उतरताना तर धोका अधिक. त्याच गिअरमध्ये इंजिन गाडीला पूर्वीइतकं आवरत नाही, जास्त भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक वळणावर दगा देतो.

मला वाटायचं, इंजिनाची ताकद इंजिनातच असते. पण ती रस्त्यापर्यंत पोचते गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन आणि टायर या तीन टप्प्यांतून. कंपनीने ते एकमेकांना जुळवून दिलेले असतात. शेवटचा टप्पा बदलला की आधीचे दोन आपोआप चुकतात. मोठं चाक हवंच असेल, तर त्याच मापात क्राऊन-पिनियन बदलावं लागतं. नुसता टायर बदलणं म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू तेच ठेवून गाडीचा भार वाढवण्यासारखं आहे. बैल बोलत नाही, पण त्याचे पाय बोलतात.

पुढच्या आठवड्यात मी जुन्या मापाचे टायर बसवले. कोकणातल्या गाडीवाल्यांना माझी विनंती आहे: टायर घेण्याआधी दुकानदाराला भाव विचाराच, पण त्याआधी आपल्या ड्रायव्हरला विचारा, कुठला चढ कुठल्या गिअरमध्ये निघतो. घाट रोज तोच चढतो.