कूर्मदृष्टी

घरापासून दूर, परक्या देशात पोटासाठी राहणाऱ्या मनुष्याला सुट्टीच्या दिवशी मनमोकळा आनंद करण्याचा अधिकार आहे काय? प्रश्न असा मांडला म्हणजे तो पोरकट वाटतो. अधिकार नाही असे म्हणणार तरी कोण? परंतु ज्याने मस्कत, दुबई किंवा कुवेत येथे चार वर्षे काढली आहेत, त्याला तो कधी ना कधी एकांतात पडलेला असतो. मला तो ओमानच्या समुद्रकिनाऱ्यावर पडला.

मस्कतेत साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. २०१३ सालापूर्वी ती गुरुवार-शुक्रवारची असे. एका शुक्रवारी सकाळी आम्ही चार मित्र भाड्याच्या मोटारीने रास अल जिंझकडे निघालो. एक बेळगावचा, एक हैदराबादचा, एक केरळचा आणि मी फोंड्याकडचा. अरबी द्वीपकल्पाच्या अगदी पूर्वेकडील टोकाजवळचे हे ठिकाण मस्कतेपासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर आहे. वाटेत एका निर्जन पुळणीवर आम्ही मनसोक्त पोहलो, वाळूत बसून जेवलो आणि शाळकरी पोरांसारखे हसलो.

संध्याकाळी सूर गावी पोहोचलो. हे जुने बंदर गलबतांच्या बांधणीसाठी प्रसिद्ध. येथील खलाशी मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानच्या किनाऱ्याला आणि पूर्व आफ्रिकेला जात, आणि महिनोन्‌महिने त्यांचे वर्तमान घरी कळत नसे. त्या बंदरावर उभा असतानाच माझ्या खिशातला फोन वाजला. आई देवळातून आरती आटोपून नुकतीच घरी आली होती.

"कुठे आहेस रे?" तिने विचारले.

"आज जादा काम निघाले. कचेरीतच आहे," मी म्हणालो.

"हा आवाज कसला येतो?"

"थंड हवेच्या यंत्राचा."

लाटांचा आवाज मी यंत्राच्या माथी मारला. आई म्हणाली, "बरे, वेळेवर जेव. सुट्टीच्या दिवशीही किती राबवून घेतात तुला!"

मी खोटे का बोललो? आईने मला कधी कशाची मनाई केलेली नव्हती. परंतु मुलगा वाळवंटात घाम गाळतो आणि त्या घामाचे पैसे घरी येतात, असे एक चित्र घरात नकळत तयार झालेले असते. त्या चित्रातल्या मुलाने हसू नये असे कोणी म्हणत नाही. पण तो हसला तर आपल्या त्यागाला उणेपणा येईल, असे त्याचे त्यालाच वाटते. आपल्या कष्टांवर घरच्यांची जी माया जडलेली असते, ती गमावण्याचे भय त्यामागे असते. म्हणजे मी आईचे मन जपत होतो, हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे की मी स्वतःचा मोठेपणा जपत होतो.

त्या रात्री वाटाड्याने आम्हांस अंधारातून किनाऱ्यावर नेले. विजेरी लावण्याची आम्हांस परवानगी नव्हती. शंभर किलोंहून जड अशी एक हिरवी कासवीण खळगा खणून त्यात अंडी घालीत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होते. ते अश्रू नव्हेत, शरीरातले जादा मीठ ती तसे बाहेर टाकते, असे वाटाड्याने सांगितले. शंभरएक अंडी घालून झाल्यावर तिने वाळू लोटली आणि एकदाही मागे न पाहता ती समुद्रात निघून गेली. पुढे सुमारे दोन महिने त्या अंड्यांना ऊब मिळते ती वाळूची.

आपल्या पुष्कळ देवळांत देवासमोर दगडी कासव असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला त्याची उपमा दिली आहे. आणि कासवी आपली पिले दूरवरून केवळ दृष्टीने पोसते, ही कल्पना तर आपल्या संतवाङ्मयात घरचीच झालेली आहे. निसर्गात असे घडत नाही, हे मी त्या रात्री डोळ्यांनी पाहिले. समुद्रातल्या कासवाला तर आपले अवयव आत ओढूनही घेता येत नाहीत. मग कूर्मदृष्टी ही खोटी म्हणावयाची काय? मला वाटते, जे कासवाला जमत नाही ते मनुष्याने करावे, म्हणूनच ती कल्पना जन्मास आली. दरमहा पैसे पाठवून स्वस्थ बसणे म्हणजे अंड्यांवर वाळू लोटून निघून जाणे. दुरून पोसावयाचे तर दृष्टीच हवी, आणि दृष्टी दोन्हीकडून मोकळी हवी. मी आईच्या दृष्टीवर पडदा टाकला होता. ती ज्या मुलाकडे पाहत होती, तो मुलगा सूरच्या बंदरावर नव्हताच.

यावर कोणी म्हणेल, परगावची मौज घरी सांगणे हे प्रदर्शन नव्हे काय? आक्षेप खोटा नाही. ज्यांना आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळतो आणि तोही कपडे धुण्यात जातो, असे आपले किती तरी बांधव तिकडे आहेत. त्यांच्यासमोर व गावातल्या दहा घरांसमोर छायाचित्रे मिरविणे हे असभ्यपणाचे आहे. परंतु मिरविणे वेगळे आणि सांगणे वेगळे. मिरविताना समोरच्याने आपल्याकडे पाहावे अशी इच्छा असते. सांगताना त्याने आपल्याबरोबर असावे अशी.

पुढच्या शुक्रवारी मी आईला सारे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "खोल पाण्यात गेला नव्हतास ना?" त्यानंतर थोडे थांबून तिने सांगितले की दीड महिन्यापूर्वी ती देवळाच्या पायऱ्यांवर पडली होती, आणि अजून काठी घेऊन चालते. मला काळजी नको म्हणून तिने घरातल्या सर्वांना गप्प राहावयास सांगितले होते.

मी आनंद लपवीत होतो, ती दुःख लपवीत होती. आणि दोघेही त्याला माया समजत होतो. त्या दिवशी आम्ही पुष्कळ वेळ बोललो. कासविणीचे डोळे कसे होते, ते तिने मला दोनदा विचारले.