शेत कोणाचे, सालगडी कोणाचा

रात्री अकराला आजोबा आडवे होतात. उशाशी पाण्याचा तांब्या, कवळीची वाटी आणि एक पांढरी डबी. घर निजले की ही डबी आजोबांच्या छातीतल्या पेसमेकरशी बिनतारी बोलते, ठोक्यांचा हिशेब घेते आणि दूरच्या सर्व्हरवर धाडते. ठोका चुकला तर ते आधी दवाखान्यात कळते. आजोबा मात्र सकाळी चहा फुंकत सांगतात, "झोप छान लागली."

आपल्या देहात काय चालले आहे हे आपल्याआधी दुसऱ्याला कळत असेल, तर देह कोणाचा?

हा वाद मराठीला नवा नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र म्हटले आहे आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वरांनी या शब्दावरून भाऊबंदकीचा खटलाच उभा केला. एक पक्ष म्हणतो, शेत जिवाचे वतन, प्राण हे कूळ. प्राणाचे चार भाऊ राबतात, मन देखरेख करते, इंद्रियांचे बैल औताला. दुसरा म्हणतो, शेत प्रकृतीचे. कोणी संकल्पाचे सांगतो, कोणी स्वभावाचे, आणि शेवटी काळाची बाजू मांडणारा उठतो. सातबाऱ्यावर इतकी नावे क्वचितच चढली असतील.

या शेतावर आता एक नवा सालगडी आला आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसला, तेव्हा तो काही तासच चालला. लार्सन २००१ पर्यंत जगले आणि तोवर त्यांनी २६ उपकरणे वापरली. तो पहिला गडी मुका होता. आजचा राबतो आपल्या शेतात आणि हिशेब देतो परगावच्या पेढीला.

त्या हिशेबाचे काय होते, हे अमेरिकेत ओहायोमध्ये दिसले. २०१६ साली एका माणसाचे घर जळले. आग लागल्यावर सामान खिडकीतून फेकून आपण बाहेर पडलो, असे त्याचे म्हणणे. आग त्यानेच लावल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याच्या पेसमेकरची नोंद मिळवली. ती पाहून हृदयरोगतज्ज्ञाने ही धावपळ संभवत नाही असे मत दिले, आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी ती नोंद पुरावा म्हणून चालेल असे ठरवले. खटला उभा राहण्याआधीच तो माणूस वारला. आरोपीला गप्प बसण्याचा हक्क असतो. त्याच्या काळजाला तो मिळाला नाही.

उलट टोकाला कॅलिफोर्नियाचे ह्यूगो कँपोस. छातीत डिफिब्रिलेटर घेऊन फिरणारे हे गृहस्थ वर्षानुवर्षे एवढेच मागत राहिले की माझ्या हृदयाची कच्ची नोंद मला थेट द्या. शेतकऱ्यानेच खळ्यावर येऊन आपल्या धान्याचे माप विचारावे, तशी ही मागणी.

मग सर्व्हरला क्षेत्रज्ञ म्हणावे का? गीतेची व्याख्या इतकी स्वस्त नाही. त्याच अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दुःख पाहणेही येते. यंत्राला ठोक्यांतला खंड दिसतो. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून "चप्पल निसटली" म्हणणारा म्हातारा दिसत नाही. शेताची मोजणी करणाऱ्या भूकरमापकाला कोणी मालक म्हणत नाही.

पण येथे भाविकांची एक पळवाटही ओळखायला हवी. देह आपला नाहीच, मग त्याची माहिती कोणी नेली म्हणून काय बिघडले, असे प्रवचनी उत्तर सहज सुचते. ते लबाडीचे आहे. 'माझा नाही' म्हणून सोडलेला देह बेवारस होत नाही, आणि वैराग्य साधकाने पत्करायचे असते, कंपनीने त्याच्या वतीने नव्हे.

दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो. आगीत तो फुटू शकतो. अमेरिकेत मृतांच्या नातलगांच्या संमतीने काढलेले असे ५३ पेसमेकर निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात गरीब रुग्णांना बसवले गेले; त्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. एका शेतातून सुटलेला गडी समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या बांधावर राबू लागला. जुन्या मालकाच्या ठोक्यांपैकी त्याने बरोबर काय आणले, हे नव्या मालकांपैकी कोणाला विचारावेसे वाटले असेल का? त्यांना श्वास हवा होता.