सगळं तुझंच, म्हणजे काय?

देवळात हात जोडले की आपल्या तोंडून सहज निघतं, ‘देवा, सगळं तुझंच.’ गेल्या वर्षी धाकट्या मुलाने दूरच्या गावी बिऱ्हाड केलं, तेव्हा मी दोन महिने त्याच्याशी धड बोललो नाही. रोजची प्रार्थना मात्र चालूच होती. एके दिवशी मनात आलं, सगळं देवाचं म्हणतो, मग मुलगा तेवढा माझा कसा?

भक्तहो, हा प्रश्न फक्त आपल्याच वाटेवरचा नाही. ख्रिस्ती परंपरेत इग्नेशियस लोयोला नावाचे संत होऊन गेले. जन्म स्पेनमधला, १४९१ सालचा. तरुणपणी शिपाईगिरी आणि मानमरातबाची हौस. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्ताचं व संतांचं चरित्र वाचलं आणि मन पालटलं. पुढच्या वर्षी मोंत्सेरात इथे मरियमेच्या वेदीपाशी रात्रभर जागून त्यांनी आपली तलवार ठेवली. उंची वस्त्रं भिकाऱ्याला दिली.

इथवर आपल्यालाही जमेल. वस्तू देता येतात. कठीण पुढेच आहे. जेरुसलेमला जाऊन तिथेच राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. १५२३ साली ते पोचलेही. पण तिथल्या मठाधिकाऱ्यांनी त्यांना राहू दिलं नाही. देवासाठी केलेला बेत, तोही मोडला! परत येऊन तिशी उलटलेला हा माणूस बार्सिलोनात लॅटिनचं व्याकरण शिकायला बसला.

त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात अर्पणाची एक प्रार्थना आहे. तीत ते देवाला द्रव्य देत नाहीत. आपलं स्वातंत्र्य, स्मरण, बुद्धी आणि इच्छा देतात. मागतात ते त्याचं प्रेम आणि कृपा, एवढंच.

कोणी म्हणेल, स्वातंत्र्यच दिलं तर माणूस बाहुलं झाला. तसं नाही. जबरदस्तीने घेतली ती लूट, नाइलाजाने सोडलं ती हार. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं, त्याने आपण होऊन ‘घे’ म्हटलं, तर ते अर्पण. शिवाय मन दिलं म्हणून कामं सुटत नाहीत. इग्नेशियसांनी पुढे संघ उभारला. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. हात चालूच राहतात. ‘माझंच खरं’ ही मूठ तेवढी उघडायची.

आपण तर संसारी माणसं. माया कशी टाकणार? ती टाकायची नाहीच, मालकी सोडायची.

त्या संध्याकाळी मी फोन केला. “घर लागलं का रे नीट?” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, या ना बघायला.”

मूठ एकदा उघडली म्हणजे कायमची उघडली, असं नाही. रात्री ती पुन्हा आवळते. म्हणून सकाळी पुन्हा म्हणायचं, ‘सगळं तुझंच.’ फक्त म्हणताना एकदा आपल्या मुठीकडे पाहायचं.