आग ही कोणाची करणी?

उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूर जिल्ह्यात 10 एप्रिल 2003 रोजी मॅकडॉवेल कंपनीच्या मद्याच्या गोदामाला आग लागली आणि आतल्या हजारो पेट्या खाक झाल्या. त्या मालावरचं उत्पादन शुल्क अजून भरायचं होतं. सरकारने सुमारे 6 कोटी 39 लाख रुपयांची मागणी कंपनीकडे केली. कंपनीचं उत्तर असं, की आग म्हणजे देवाची करणी, त्यात आमचा काय दोष? उच्च न्यायालयाला ते पटलं, सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. वादळ, पूर, वीज, भूकंप अशी बाहेरची कुठलीही नैसर्गिक शक्ती या आगीमागे नव्हती, त्यामुळे तिला देवाची करणी म्हणता येत नाही, असा निकाल जानेवारी 2022 मध्ये लागला.

देवाची करणी आणि नारळात पाणी, असं मराठी माणूस सहज म्हणून जातो. नारळाबद्दल म्हणायला हरकत नाही. पण घर किंवा दुकान जळालं की भेटायला येणारे हेच वेगळ्या शब्दांत म्हणतात: नशिबात होतं, जीव वाचला हे काय थोडं झालं. सांत्वन म्हणून ते बोलणं मोलाचं असतं. मग दोन-चार दिवसांत विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो आणि त्याच्या कागदांत नशिबाचा रकाना नसतो. त्याला आगीची वेळ हवी असते, अग्निशमन दलाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, स्टॉकचं रजिस्टर, मालाची बिलं हवी असतात. झालं ते दैवाने झालं की माणसाच्या हातून, हा कीर्तनातला जुना प्रश्न त्या दिवशी क्लेमच्या फॉर्मवर येऊन बसतो. तिथे उत्तर चुकलं तर एखादं कुटुंब उभं राहायचं राहून जातं.

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, दैव मोठं की पुरुषार्थ? भीष्म त्याला वसिष्ठ आणि ब्रह्मदेव यांचा संवाद सांगतात. त्यात दैवाला बीज म्हटलं आहे आणि पुरुषार्थाला शेत. शेतच नसेल तर बी रुजणार कुठे? दरवर्षी पोटाला चिमटा घेऊन विम्याचा हप्ता भरणारा माणूस हे शेत आधीच कसून बसलेला असतो. आग लागल्यावर त्याला दैवाचा उपदेश करणं म्हणजे त्याची ती मेहनत विसरणं.

दैव की माणूस, हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. 2 सप्टेंबर 1666 च्या पहाटे लंडनमध्ये पुडिंग लेन नावाच्या गल्लीत एका बेकरीवाल्याच्या घरात आग लागली. चार दिवसांत सुमारे 13,200 घरं आणि 87 चर्च जळाली. धर्मोपदेशकांनी सांगितलं, हा पापाचा दंड आहे. आग पुडिंग लेनमध्ये सुरू झाली आणि पाय कॉर्नरपाशी थांबली. दोन्ही नावं खाण्याच्या पदार्थांची वाटणारी, म्हणून हे पाप खादाडपणाचं, असंही ठरलं. पाय कॉर्नरला आजही एका गुटगुटीत मुलाचा सोनेरी पुतळा आहे आणि त्याखाली तेच लिहिलेलं आहे. जमावाला पाप नको होतं, पापी माणूस हवा होता. रोबेर युबेर नावाच्या फ्रेंच तरुणाने आग आपणच लावल्याचं कबूल केलं आणि त्याला फाशी देण्यात आलं. आग लागल्यानंतर दोन दिवसांनी तो लंडनमध्ये उतरला होता, हे नंतर उघड झालं.

या दोन्ही आवाजांपासून दूर तिसरीकडे एक शहाणपणाचं काम चाललं होतं. त्या काळच्या भाडेकरारांप्रमाणे घर जळालं तरी भाडेकरूला भाडं चालू ठेवावं लागे आणि बहुतेक ठिकाणी घर पुन्हा बांधून देण्याची जबाबदारीही त्याचीच असे. कागदावर बोट ठेवलं असतं तर हजारो माणसं देशोधडीला लागली असती आणि शहर राखेतच राहिलं असतं. म्हणून संसदेने खास अग्नी-न्यायालय नेमलं. क्लिफर्ड्स इन इथे बसणाऱ्या न्यायाधीशांनी या कामाचा मोबदला घेतला नाही. त्यांनी पाप कोणाचं हे विचारलं नाही. घर बांधायची ऐपत कोणाची आहे, आणि तो बांधणार असेल तर त्याचं भाडं किती कमी करायचं, करार किती वर्षांनी वाढवायचा, एवढंच ते ठरवत गेले. लंडन शहराने पुढे त्या न्यायाधीशांची चित्रं काढवून ती नगरभवनात लावली. आगीनंतर विचारायचा खरा प्रश्न ज्यांना सापडला, त्यांचा हा मान रास्तच होता.

कारण कोणतं, हा प्रश्न मात्र टळत नाही. गोव्यातल्या झुआरी इंडस्ट्रीजच्या खत कारखान्यात जानेवारी 1999 मध्ये मुख्य स्विचबोर्डमध्ये शॉर्ट सर्किट होऊन भडका उडाला. पॅनेल काळवंडलं, धूर पसरला, जनरेटर बंद पडले, कारखान्याची वीज गेली. तिकडे भट्टीतून येणारे तप्त वायू बॉयलरमध्ये शिरतच राहिले आणि बॉयलरचं मोठं नुकसान झालं. विमा कंपनीचं म्हणणं होतं की बॉयलर आगीने बिघडलेला नाही, वीज गेल्याने बिघडला आहे; शिवाय जो भडका उडाला तो क्षणभराचा, त्याला आग तरी कसं म्हणावं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2009 साली न्यायालयाने सांगितलं की आग किती वेळ जळली याला महत्त्व नाही. ती सेकंदाचा अंश टिकली आणि तिने नुकसान केलं, तरी क्लेम बसतो. वीज जाणं हा त्या आगीपासून सुरू झालेल्या साखळीतला एक दुवा होता, आणि परिणाम घडवणारं मूळ कारण आगच होतं.

भारतीय तत्त्वज्ञानातल्या न्यायदर्शनाने नेमका हा प्रश्न शेकडो वर्षं घासूनपुसून पाहिला आहे. नैयायिक मडक्याचं उदाहरण घेतात. माती गाढवाच्या पाठीवरून आली, म्हणून गाढव मडक्याचं कारण होतं का? होत नाही. ते आधी होतं खरं, पण ते नसतं तरी माती दुसऱ्या मार्गाने आली असती आणि मडकं झालंच असतं. अशा नुसत्या आधी असणाऱ्या गोष्टीला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात आणि बाजूला काढतात. त्याचबरोबर ते दुसरीही एक गोष्ट बजावतात. कुऱ्हाडीने लाकूड तुटतं, पण कुऱ्हाड आणि तुटणं यांच्या मधे पात्याचा लाकडाशी होणारा स्पर्श असतो. या मधल्या क्रियेला ते ‘व्यापार’ म्हणतात. हा व्यापार कुऱ्हाडीतूनच जन्मतो, त्यामुळे तो मधे आला म्हणून कुऱ्हाडीचं कारणपण नाहीसं होत नाही. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आठल्ये आणि बोडस यांनी संपादित करून 1897 साली मुंबईतच छापला. तो अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याला गोव्यातलं ते प्रकरण चटकन उलगडलं असतं. वीज जाणं हा व्यापार होता. विमा कंपनी त्याला कारण ठरवत होती.

मीमांसकांपुढे हीच अडचण दुसऱ्या रूपात आली. यज्ञातला अग्नी विझतो, राख थंड होते, आणि फळ तर पुष्कळ काळाने मिळायचं असतं. मग संपून गेलेल्या क्रियेचं फळ कसं मिळतं? त्यांनी मधे ‘अपूर्व’ नावाची शक्ती मानली. ती पटो वा न पटो, त्यांनी प्रश्न सोडून दिला नाही. आग विझल्यावर झालेलं नुकसान आगीचं नव्हे, असं सोयीचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

अर्थात कारणाचा शोध अडवणुकीसाठीही वापरता येतो. गौतम बुद्धांनी विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली आहे. बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचं, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, असं तो म्हणाला तर उत्तर मिळायच्या आधीच मरेल. कर्नाटकातल्या ब्याडगीच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला जवळजवळ हेच आलं. त्यांनी आपली मिरची शीतगृहात ठेवली होती आणि तिच्यावर बँकेचं कर्ज काढलं होतं. जानेवारी 2014 मध्ये शीतगृह जळालं. आगीचं कारण संशयास्पद आहे, आणि शेतकरी आमचे ग्राहकच नाहीत, असं म्हणत विमा कंपनीने हात वर केले. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. आग शॉर्ट सर्किटने लागली की आणखी कशाने, याला महत्त्व नाही. विमेदाराने ती स्वतः लावलेली नाही ना, एवढंच पाहायचं. लाक्षागृह जाळायला टपलेला पुरोचन आणि घर जळालेला गृहस्थ यांत फरक करता आला की पुरे. पण तोवर सहा वर्षं गेली होती. मिरची पिकवणाऱ्याच्या घरात सहा वर्षांत काय काय होऊन जातं, हे कुठल्याही निकालपत्रात येत नाही.

आता दुसरी बाजू. विम्याचा करार ज्या तत्त्वावर उभा आहे, त्याला कायद्यात परम सद्भाव म्हणतात. साध्या व्यवहारात विकणाऱ्याने न विचारलेलं सांगितलं नाही तर चालतं. इथे चालत नाही. वीस लाखांचा माल दहा लाखांचा दाखवून हप्ता वाचवला, आणि मग चार लाखांचं नुकसान झालं, तर सरासरीच्या नियमाने हातात दोनच लाख येतात. दुकानदाराला ती फसवणूक वाटते, पण निम्मी जोखीम त्याने स्वतःकडेच ठेवलेली असते. (घरांसाठी 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत ही कपात काढून टाकली आहे, हे चांगलं झालं.) याहून वाईट म्हणजे जळालेल्या पाच कपाटांची आठ करणं. आगीच्या पॉलिसीत अट असते की क्लेममध्ये लबाडी आढळली तर सगळाच हक्क जातो. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटल्यावर धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला, तसं एका खोट्या बिलाने खऱ्या नुकसानाचंही वजन जातं.

मात्र हा सद्भाव एकट्या विमेदाराने पाळायचा नाही. 1766 साली इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोम या खटल्यात हे तत्त्व मांडणाऱ्या लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते दोन्ही पक्षांना बांधून टाकलं होतं, आणि त्या खटल्यात ते विमा घेणाऱ्याच्याच बाजूने उभे राहिले. सर्व्हेअरला नेमते कंपनी आणि त्याची फी देतेही कंपनी. त्याने तटस्थ राहावं अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि पुष्कळ जण राहतातही. तरी त्याचा अहवाल म्हणजे वेदवाक्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच ट्रकच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. विमेदार त्यावर पुराव्यानिशी हरकत घेऊ शकतो.

इथे भाविक मनाला एक शंका येते. जळालं ते गेलं, आता पैशांसाठी भांडत बसणं बरं दिसतं का? संतांनी वैराग्य सांगितलं ना? तुकोबांची आठवण या वेळी हमखास निघते. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. पण तीच परंपरा पुढेही काही सांगते. तुकोबांनी आधी खतांची वाटणी केली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि फक्त आपला वाटा पाण्यात टाकला. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. दुकानाच्या क्लेममध्ये बायकोचा, मुलांचा, पगार थकलेल्या कामगारांचा वाटा असतो. तो इंद्रायणीत सोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि ज्याच्याकडे देणं आहे, त्याने तर घेणाऱ्याला वैराग्य शिकवूच नये.

त्यागाला मोकळं मन लागतं, संमतीलाही लागतं. आगीनंतर तीन-चार महिने गिऱ्हाईक तुटलेलं, भाडं थकलेलं, बँकेचे फोन येतायत, अशा वेळी कंपनी मागितल्याच्या निम्मी रक्कम पुढे करते आणि ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर सही मागते. माणूस सही करतो. ती संमती म्हणायची का? 1999 साली अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या सहीने हक्क बुडत नाही. दडपण, फसवणूक किंवा गैरवाजवी प्रभावाखाली सही घेतल्याचं दाखवता आलं तर उरलेल्या रकमेसाठी दाद मागता येते. मात्र ते दाखवावं लागतं. म्हणून सही करायचीच वेळ आली तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावं की ही रक्कम नाइलाजाने, हक्क राखून स्वीकारली आहे.

क्लेम फेटाळल्याचं पत्र आलं तर ते देवापुढे ठेवून गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिने ती नाकारली किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. घरमालकाला आणि लहान व्यावसायिकाला 50 लाखांपर्यंतच्या भरपाईसाठी तिथे दाद मागता येते. त्यासाठी मुदत एक वर्ष आहे. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं आहेत.