रकान्यात ‘नाही’ लिहिलंत, विचारलं होतंत का?

मागच्या बाकावरचे आधी मोबाइल खिशात घाला. माजी विद्यार्थी मेळावा म्हणजे फोटो काढायचा कार्यक्रम नव्हे. बाईंना माइक दिलात, आता ऐकावं लागेल. मनोरच्या शाळेत तुम्हाला शेकडेवारी मी शिकवली. आज तुमच्यातला कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, कुणी ग्रामसेवक आहे, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, कुणी चिल्हार फाट्यावरून रोज कंपनीच्या बसने तारापूरला जाऊन कामगारांच्या भरतीचं काम बघतो. तिघांच्याही टेबलावर शेकडेवारीचाच कागद असतो, आणि तिघांनीही तो वाचलेला नाही.

मध्यंतरी एका पाड्यावरच्या मुलीसाठी मी ग्रामपंचायतीची दिव्यांगांची यादी मागितली. यादी मिळाली. नावांपुढे वय नाही, शिक्षण नाही, काय काम जमतं ते नाही. बहुतेक ठिकाणी एकच शब्द, ‘अपंग’. त्या मुलीला सिकलसेल आहे. तिचं नाव नव्हतंच. का नाही, असं विचारलं तर म्हणे, “बाई, ती तर चालती-फिरती आहे.” अरे, दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा येऊन किती वर्षं झाली? त्यात २१ प्रकार आहेत, सिकलसेल त्यांतला एक. आदिवासी पट्ट्यात नोकरी करता आणि तुमच्या डोक्यात अजून कुबडी आणि काळा चष्मा एवढंच!

आता मुळाशी जाऊ. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी लोक अपंग म्हणून नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. तेव्हा खाने आठच होते आणि त्यांतल्या ‘इतर’ या खान्यात देशभरातले ४९ लाखांहून जास्त लोक गेले. ‘इतर’ला कोणतं साधन द्यायचं, कोणतं काम शिकवायचं, सांगा बरं! आणि आपला जिल्हा? तो १ ऑगस्ट २०१४ ला जन्मला. म्हणजे त्या जनगणनेच्या जिल्हानिहाय तक्त्यात पालघर नावाची ओळच नाही. मोखाड्याचा पाडा आणि ठाण्यातला टॉवर एकाच ओळीत. आठ तालुके वेगळे काढून बेरीज करावी लागते, आणि केली तरी वसई-विरारची गर्दी जव्हार-विक्रमगडला झाकून टाकते. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. २०११ ला जन्मलेलं पोर दहावीला आलं आणि आपण त्याच आकड्यांवर आराखडे रेटतोय.

“बाई, ही वरच्यांची चूक,” असं पुटपुटलं कुणीतरी. ऐकू आलं. वरच्यांची चूक आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत अपंगत्वाचा प्रश्न होता, सहाव्या फेरीत तो गाळला. पण वरच्यांनी गाळलेला प्रश्न आणि तुम्ही ओट्यावर उभं राहून गिळलेला प्रश्न, दोन्हींचं उत्तर एकच येतं. घरात न शिरता ओरडायचं, “कुणी अपंग आहे का हो?” आतून बाप “नाही” म्हणतो. म्हणणारच! मुलीचं लग्न जमवायचंय त्याला. आतल्या खोलीत बसलेली म्हातारी दोन वर्षं जिना उतरलेली नाही, पण ती त्याच्या लेखी ‘वय झालेली’ आहे. मुलाला अक्षरं लक्षात राहत नाहीत, तो ‘मंद’ आहे. तुम्ही ‘नाही’ लिहिता आणि पुढचं दार वाजवता.

कसं विचारायचं हे जगाने केव्हाच शोधून ठेवलंय. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ साली नेमलेल्या वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न आहेत: दिसायला, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला, बोललेलं समजायला-समजवायला त्रास होतो का? उत्तरं चार: त्रास नाही, थोडा, खूप, जमतच नाही. ‘अपंग’ हा शब्द त्यात एकदाही नाही, म्हणून बापाला खोटं बोलावं लागत नाही. व्यापक मोजणीवर आधारलेला जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे १६ टक्के. पाच हजार वस्तीचं गाव धरा. २.२ टक्क्यांनी ११० माणसं येतात, १६ टक्क्यांनी ८००. दोन आकड्यांमधली ती ६९० माणसं जन्माला यायची आहेत का? त्यांना नीट विचारलेलं नाही, एवढंच. जनगणनेचा नमुना तुम्हाला बदलता येणार नाही, ठाऊक आहे मला. पण गावाची यादी करताना हात कुणी धरले होते?

आणि विचारायला जाता तरी कधी? मागची गणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ला झाली. त्या दिवसांत आपले कातकरी, वारली कुठे असतात हे मनोरमध्ये राहणाऱ्याने मला विचारावं? वीटभट्टीवर! दिवाळीनंतर गेलेलं बिऱ्हाड पावसाच्या तोंडाला परततं. सोबत लंगडं पोर असतं, नाहीतर ते आजीजवळ पाड्यावर ठेवलेलं असतं. कुलूप बघून परत फिरणारा प्रगणक त्या पोराला मोजत नाही, भट्टीवरचाही मोजत नाही. आशाताईच्या वहीत त्याचं नाव असतं, शाळेच्या यू-डायसमध्ये असतं, अंगणवाडीच्या तपासणीत असतं. या वह्या एका टेबलावर आणायला कोणत्या शासन निर्णयाची वाट बघताय?

आता रोजगाराचं. हे गणित पाटीवर करण्यासारखं आहे, नीट बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी २०१८ च्या जुलै ते डिसेंबरमध्ये झाली. १५ वर्षांवरच्या दिव्यांगांमध्ये बेरोजगारी निघाली ४.२ टक्के. २०१८-१९ च्या श्रमबल पाहणीत सर्वसाधारण बेरोजगारी ५.८ टक्के होती. म्हणजे दिव्यांगांची स्थिती इतरांपेक्षा बरी? टाळ्या वाजवायच्या? मूर्खांनो, ७६ व्या फेरीतलीच वरची ओळ वाचा. दिव्यांगांपैकी काम करणारे किंवा काम शोधणारे फक्त २३.८ टक्के. सर्वसाधारण लोकांत हेच प्रमाण ५०.२ टक्के होतं. शंभरातले ७६ जण बेरोजगारांतही धरलेले नाहीत, कारण त्यांनी काम शोधणंच सोडलंय किंवा कधी सुरूच केलं नाही. ४.२ टक्के बघून ज्याने रोजगाराची योजना आखली, त्याने त्या ७६ जणांना शून्य दिलं.

त्याच ७६ व्या फेरीत अपंगत्वाचा दाखला असलेले निघाले २८.८ टक्के. आणि तुमची कार्यालयं मोजतात फक्त दाखले. उरलेल्या ७१ जणांचं काय? पाड्यावरून दाखल्यासाठी जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, सोबतच्याचीही. “पण बाई, खोटे दाखले काढतात लोक!” काढतात. त्यासाठी २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पकडा आणि पाठवा आत. पण खोट्याला पकडण्याच्या नावाखाली खऱ्याला तिष्ठत ठेवणं हा बंदोबस्त नव्हे, तो आळस आहे.

ग्रामसेवक, तुमच्याकडे येते. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. मार्च आला की यादीवरच्या सगळ्यांना सारखी रक्कम वाटून मोकळे. पंगतीतली पानं न मोजता भात शिजवणारा आचारी मी ठेवला नसता. कुणाला श्रवणयंत्र हवंय, कुणाला पिठाच्या गिरणीपुरतं भांडवल, कुणाला फक्त दाखल्यापर्यंत नेणारी गाडी. हे विचारल्याशिवाय वाटलेला पैसा मदत म्हणून मिरवू नका.

आणि तारापूरवाले, खिडकीबाहेर काय बघताय? दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण सरकारी नोकरीत आहे, कारखान्यात सक्ती नाही, हे तुम्हाला तोंडपाठ. त्याच कायद्याच्या कलम ३५ मधलं खासगी क्षेत्रासाठी ५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठाऊक नाही, कारण तिथे दंड नाही. कलम २१ चं समान संधी धोरण आणि कलम २२ ची नोंदवही मात्र खासगी आस्थापनेलाही लागू आहे. वीसपेक्षा कमी माणसं आहेत का तुमच्याकडे? नाहीत ना? मग दिव्यांगांना योग्य पदं कोणती, ती यादी दाखवा. पॅकिंग, प्रयोगशाळेतली नोंद, गेटवरची नोंद. कंपनीच्या नकाशावर एकदा तरी बोट फिरवलंत? वर तुमच्याच यंत्रात अंगठा गेलेला कंत्राटी कामगार ठेकेदार बदलला की गायब होतो. १९२३ च्या भरपाई कायद्याने अंगठा गेल्यावर कमाईची क्षमता ३० टक्के घटते असं धरलं होतं. दिव्यांगांच्या सवलती मागायला ४० टक्के लागतात. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या, मान्य. पण त्या माणसाला कोणत्या पट्टीने मोजलंत? स्फोट झाला, हायवेवर गाडी उलटली, की मृतांचा आकडा छापून येतो. हात-पाय गेलेल्यांची यादी कुणीच ठेवत नाही, आणि मग म्हणायचं, आमच्या भागात मागणीच नाही!

धोरण मंत्रालयात ठरतं म्हणता ना? ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. तो विभाग आराखडा कशावर करणार? तुमच्या रकान्यांवर. खाली ‘नाही’ लिहिलंत तर वर पैसाही ‘नाही’च येईल.

गृहपाठ घ्या. पुढच्या ग्रामसभेआधी सहा प्रश्नांनिशी घरोघर जायचं. कुलूप असेल तर बिऱ्हाड कोणत्या भट्टीवर गेलंय ते लिहायचं. प्रत्येक नावापुढे वय, शिक्षण, दाखला, काय जमतं, काय अडतं. शिक्षकांनी शाळेची वही आणायची, ग्रामसेवकांनी आशा-अंगणवाडीची, तारापूरवाल्यांनी पदांची यादी आणि दोन वर्षांतल्या अपघातांची नोंद. यादीत ‘नाही’ आलं तर मी रागावणार नाही. मात्र प्रत्येक ‘नाही’पुढे कुणाला विचारलं, कुठे विचारलं आणि कोणत्या तारखेला, हे लिहिलेलं हवं. ज्या ओळीत ते नसेल, त्या घरी मी तुमच्याबरोबर पुन्हा येईन, आणि प्रश्न तुम्हाला माझ्यासमोर विचारावा लागेल.